आहेरबाई आणि बाजरीचं बाळ

आहेरबाईंवर लिहायचं तर पहिली अडचण विशेषणांची. माझं विशेषणांशिवाय भागत नाही. आमची संस्था बालहक्कांसाठी भांडते आणि संस्थेची पत्रकं मी लिहिते. पत्रकाच्या पहिल्या ओळीत ‘संतापजनक’ नसलं तर आमचे कार्यकर्ते ते चौकात वाटायलासुद्धा घेत नाहीत. आणि आहेरबाई! कागदावर विशेषण दिसलं की त्यांचा चेहरा पोरीच्या केसात ऊ सापडल्यासारखा व्हायचा. लाल पेन काढायच्या आणि एकेक चिरडायच्या.

नाशिकच्या सेशन्स कोर्टात त्या सरकारी वकील होत्या. म्हणजे आरोपीला शिक्षा व्हावी म्हणून सरकारतर्फे उभं राहायचं, हे त्यांचं काम. माहेर सटाण्याकडचं, घर इंदिरानगरला. एरवी तुमच्याआमच्यासारखं बोलायच्या, डोकं तापलं की अहिराणी सुरू. कोर्टातले शिपाई त्यावरून हवामान ओळखायचे. “बाईंच्या ‘आहे’चं ‘शे’ झालंय, आत्ता जाऊ नका,” असं मला पहिल्याच दिवशी दारावरच्या शिपायाने सांगितलं. मी अर्थातच गेले.

माझ्या हातात आमचं ताजं पत्रक होतं. ‘चिमुकल्याचा आक्रोश ऐका! नराधम मालिशवालीला फाशी द्या!’ प्रकरण असं होतं : अंबडच्या एका कंपनीत पाळीवर जाणाऱ्या माणसाचं पाच महिन्यांचं बाळ एका सकाळी दवाखान्यात आणलं गेलं. अंगावर ओरखडा नाही, डोक्याला टेंगूळ नाही, पण मेंदूवर रक्त साकळलेलं आणि डोळ्यांच्या आत, पडद्यावरही रक्त. डॉक्टरांचं म्हणणं, बाळाला कोणीतरी जोरजोरात गदागदा हलवलंय. घरच्यांनी सांगितलं, सकाळी हिराबाई तेल लावून अंघोळ घालून गेली आणि मग बाळ मलूल पडलं. हिराबाई म्हणजे घरोघर फिरून तान्ह्या बाळांना मालिश करणारी, न्हाऊ घालणारी बाई. पोलिसांनी तिला उचललं. बाळ वाचलं. कायद्याने त्याचं नाव सांगता येत नाही. आहेरबाई त्याला फाइलीत ‘पीडित बालक’ लिहायच्या आणि तोंडाने ‘गुंड्या’ म्हणायच्या. मीही तेच म्हणणार आहे.

बाईंनी पत्रक शेवटपर्यंत वाचलं. मग मान वर केली.

“हाई नराधम कोणता कलममा शे?”

“काय?”

“कलम सांग ना. बसत असेल तर लावते.”

मी म्हटलं, ही लोकांची भावना आहे. बाईंनी त्यावर रेघ मारली. पुढचा शब्द ‘आक्रोश’.

“हा कोणी ऐकला?”

“बाळाचा आक्रोश म्हणजे...”

“डॉक्टर म्हणतात, बाळ आणलं तेव्हा गप्प होतं. आक्रोश करत असतं तर मीच पेढे वाटले असते.” दुसरी रेघ. “आणि बाळाला नेमकं झालं काय, ते या कागदात कुठे आहे?”

मी पत्रक उलटंपालटं करून पाहिलं. पुढच्या बाजूला फाशी होती, मागच्या बाजूला आमच्या मोर्चाची वेळ आणि जमण्याचं ठिकाण.

“जागा नव्हती,” मी म्हणाले.

“फाशीला बरी झाली.”

तेव्हापासून माझं नाव ‘पत्रकवाली’ पडलं ते पडलंच. संस्थेने मला या खटल्याच्या प्रत्येक तारखेला हजर राहायचं काम दिलं होतं, त्यामुळे सुटका नव्हती. त्या पत्रकात फार काही चूक होती असं मला अजूनही वाटत नाही. लांब होतं, एवढंच.

बाईंची शिकवण्याची पद्धत म्हणजे दिवसभर अपमान आणि दुपारी अर्धी भाकरी. जेवायला कोर्टाच्या आवारातल्या लिंबाखाली, त्यांच्याच मोपेडच्या सीटवर डबा उघडून, उभ्याने. समोरच्या वकिलाचा कोणी मोठा साक्षीदार उलटतपासणीला यायचा असला की त्या दिवशी भाकरीबरोबर अख्खा कच्चा कांदा. “खोटं बोलणारा माणूस जवळ येऊन हळू बोलायला बघतो,” म्हणायच्या. “कांदा खाल्ला की तो लांब राहतो, आणि लांबून मोठ्याने बोलावं लागतं. मोठ्याने खोटं बोलायला दम लागतो.” हे कुठल्या कायद्याच्या पुस्तकात आहे, असं मी विचारलं. “कळवणच्या,” त्या म्हणाल्या. कळवणचा तो कांदा होता.

जेवणानंतर त्या झोपायच्या. खुर्चीत ताठ बसून, समोर फाइल उघडी, हातात पेन, डोळे मिटलेले. बघणाऱ्याला वाटावं, गहन विचार चालू आहे. एकदा एक इन्स्पेक्टर बराच वेळ त्यांच्यापुढे आपलं म्हणणं मांडत उभे राहिले आणि शेवटी “बरं मॅडम, मग तुमचं मौन मी होकार समजतो,” म्हणून निघून गेले. जागं झाल्यावर मी सांगितलं तर म्हणाल्या, “काय म्हणत होता?” “तपास नीट झालाय म्हणत होते.” “मग झोपले तेच बरं.”

आणि हिराबाईच्या बाजूने कोण? तिला वकील देणं कोणाच्याच ऐपतीत नव्हतं, म्हणून कोर्टाने फुकट मदतीच्या योजनेतून शिंदे नावाचा एक नवा वकील दिला होता. सेशन्सचा त्याचा पहिलाच खटला. पोरगा भला, पण उभा राहिला की दर वेळी तोंडातून ‘पुढची तारीख मिळावी’ एवढंच वाक्य स्पष्ट यायचं. आहेरबाईंना हे सहन व्हायचं नाही. स्वतः प्रश्न विचारता विचारता मध्येच थांबून त्याच्याकडे बघायच्या.

“अरे, हरकत घे ना.”

“अं?”

“मी साक्षीदाराच्या तोंडात उत्तर घातलं आत्ता. उठ. हरकत घे.”

शिंदे उठायचा. “हरकत आहे, साहेब.”

न्यायाधीश डोक्याला हात लावायचे. “आहेरबाई, त्यांचं काम त्यांना करू द्या.”

“करू द्यायला ते करतायत कुठे, साहेब?”

मी चिडायचे. आपण गुंड्याच्या बाजूचे ना? मग समोरचा वकील कच्चा आहे तर आनंद माना! बाई म्हणायच्या, “समोर भिंत नसली तर चेंडू परत येत नाही, पत्रकवाली. मग आपला नेम बरोबर की चूक, कसं कळणार?” मला क्रिकेटही आवडत नाही आणि हे वाक्यही आवडलं नव्हतं.

आता बाळाची गोष्ट. बाजरीच्या बाळाची.

डॉक्टरांचा अहवाल इंग्रजीत होता आणि त्यात बारीक टायपात असे शब्द की तो वाचताना पोलिसांनाही वाटावं, आपल्यालाच काहीतरी झालंय. बाईंचं म्हणणं, कोर्टाला दिसलं पाहिजे. म्हणून त्यांनी घराजवळच्या शिंपिणीकडून कापडाचं एक बाळ शिवून घेतलं. आत बाजरी, गुंड्याच्या वजनाएवढी. डोक्यातही बाजरी, कारण तान्ह्या बाळाचं डोकं अंगाच्या मानाने जड असतं. मान मात्र नुसती कापडाची. वर झबलं, टोपडं. शिंपिणीने हौसेने काजळाची तीटसुद्धा लावली.

हे बाळ घेऊन आम्ही मोपेडवरून कोर्टात निघालो. बाई चालवतायत, मी मागे, आणि बाळ बाईंच्या पायाशी, डोकं बाहेर लोंबतंय. मुंबई नाक्याच्या सिग्नलला थांबलो आणि शेजारच्या रिक्षातून एक बाई किंचाळली, “अगं बाई, ते लेकरू!”

वाहतूक पोलीस धावत आला. “ओ मावशी! बाळ आहे का बोचकं?”

“बोचकं,” आहेरबाई म्हणाल्या.

“लाज नाही वाटत? स्वतःच्या नातवाला बोचकं म्हणता?”

बघता बघता गर्दी. एक जण मोबाइलवर शूटिंग करायला लागला. एक जण म्हणाला, चोरून आणलं असेल. एक म्हातारी म्हणाली, हल्लीच्या सासवा अशाच, सुनेचा राग पोरावर काढतात. मी घसा फोडून ओरडत होते, “अहो, हे बाळ नाहीये!” तर मागून कोणीतरी म्हणालं, “ही पोरगी पण तसलीच. माया म्हणून नाही.” पोलिसाने मोपेडची किल्ली काढून घेतली.

तेव्हा आहेरबाईंनी शांतपणे ते बाळ एका पायाला धरून वर उचललं. गर्दीतून अशी काही आरोळी उठली की मी डोळे मिटले. दोन बायकांनी बाईंचे दंड पकडले. आणि त्या ओढाताणीत टोपड्याखालची शिवण उसवली आणि बाजरीची धार सुरू झाली. पोलिसाच्या बुटावर.

पोलिसाने आधी बुटाकडे पाहिलं, मग बाईंकडे.

“आधी सांगायचं ना, मावशी.”

“सांगितलं. बोचकं म्हटलं.”

किल्ली परत मिळाली. त्र्यंबक नाक्यापर्यंत बाई हसत होत्या, मोपेड नागमोडी चालली होती. “बघितलंस? एका सिग्नलात जन्मठेप झाली माले! आणि पुरावा काय, तर टोपडं.”

डॉक्टरांची साक्ष झाली त्या दिवशी ते बाळ साक्षीच्या पिंजऱ्याच्या कठड्यावर ठेवलेलं होतं. शिवण पुन्हा घातली होती तरी दाणे गळतच होते. खिडकीतून दोन पारवे आत आले आणि निवांत टिपायला लागले. न्यायाधीश म्हणाले, “आहेरबाई, तुमचं बाळ गळतंय.” सगळं कोर्ट हसलं. पिंजऱ्यामागे बाकावर बसलेली हिराबाईसुद्धा हसली.

मग बाईंनी डॉक्टरांना सांगितलं, “असं होण्यासाठी किती जोराने हलवावं लागतं, ते दाखवा.” डॉक्टरांनी बाळ काखेखाली दोन्ही हातांनी धरलं आणि हलवलं. दोनतीनदाच. ते डोकं पुढे छातीवर, मागे पाठीवर, पुढे, मागे असं आपटलं. टोपडं उडून पडलं. कोणी हसलं नाही. पारवे उडाले त्यांच्या पंखांचा आवाज तेवढा आला.

आता शिक्षा झालीच, असं मला वाटलं. पण बाई खाली बसेनात.

“रक्त न गोठण्याचा काही आजार आहे का, तपासलं?”

“तपासलं. नाही.”

“पाळण्यातून पडून, खेळवताना उडवून, किंवा रोजच्या मालिशने असं होतं का?”

“या बाळाला जे झालंय ते तसल्या कारणाने झालं असं मला वाटत नाही.”

“कोणी केलं, हे या खुणांवरून सांगता येतं?”

“नाही.”

“केव्हा केलं?”

“अंदाजे. आणण्याच्या काही तास आधी असेल, कदाचित आदला दिवसही असेल. अशी बाळं लगेच कोसळतातच असं नाही. काही नुसती सुस्तावतात, ओकतात, दूध पीत नाहीत.”

“म्हणजे त्याच सकाळी झालं, असं तुमचं मत नाही?”

“मी तसं कुठेही लिहिलेलं नाही.”

बाईंनी वळून तपास अधिकाऱ्याकडे पाहिलं. सकाळ पोलिसांनी लिहिली होती, कारण हिराबाई सकाळी यायची. त्या दिवशी लिंबाखाली बाईंनी भाकरी अर्धीच खाल्ली. “बाळ शेवटी ज्याच्या हातात, तो गुन्हेगार,” त्या म्हणाल्या. “हाई काय संगीत खुर्ची शे?”

“मग हिराबाई निर्दोष?” मी उसळले.

“मी कुठे म्हटलं? मला माहीत नाही एवढंच म्हटलं. तुला ‘माहीत नाही’चं पत्रक काढता येतं का बघ.”

पुढच्या तारखेला गुंड्याची आजी आली. मूळची येवल्याची. कोर्टात यायचं म्हणून ठेवणीतली पैठणी नेसून, नाकात नथ. पिंजऱ्यात उभी राहिली ती भाषणाला उभी राहिल्यासारखी. ती सरकारच्या बाजूची साक्षीदार, म्हणजे आहेरबाईंची. हिराबाई कशी आडमुठी, कशी बाळाला पायावर उपडं टाकून थापटायची, उलटं धरायची, हे सगळं तिने अभिनयासकट सांगितलं. न्यायाधीश ऐकून लघुलेखकाला सांगत होते आणि तो टाइप करत होता. पण आजीचं समाधान होईना. तिला वाटलं, हिराबाईचा दुष्टपणा अजून पुरता उतरला नाही.

“साहेब, हिची नजरच वाईट! मी तर आदल्या दिवशीच ओळखलं. तिन्हीसांजेला दृष्ट काढली लेकराची. मीठ, मोहरी, मूठभर मिरच्या टाकल्या निखाऱ्यावर. अन् ठसका म्हणून नाही! वास नाही! म्हणजे बघा, केवढी लागली असेल!”

“साक्षीदार म्हणते,” न्यायाधीशांनी सांगितलं, “की मिरच्यांचा ठसका लागला नाही.” लघुलेखकाने मान खाली घालून टाइप केलं. कोर्टात खसखस पिकली. शिंदे वकीलही हसला.

आहेरबाई हसल्या नाहीत. त्यांनी कमरेवर हात ठेवले.

“आजी, उगीच कोणी दृष्ट काढतं का?”

“उगीच कशाला काढीन? दूध प्यायना. दोनदा ओकलं. डोळे एका जागी लावून पडलेलं, हात उचलला तर लुळा.”

“हे आदल्या दिवशी संध्याकाळी?”

“तेच तर सांगते!”

“त्या दिवशी सकाळी हिराबाई आली होती?”

आजीला तो प्रश्न इतका अडाणी वाटला की ती थेट न्यायाधीशांकडे वळली. “अहो, अवस होती! अवसेला कोणी लेकराला तेल लावतं का? मीच तिला सांगितलेलं, येऊ नको म्हणून. अन् दृष्ट अवसेलाच काढतात.”

“ती आली नाही, मग नजर कशी लागली?”

“आधीची लागली. नजर काय लगेच लागते?”

“आणि अवसेला सकाळी बाळ कसं होतं?”

“छान होतं की! खिदळत होतं. मी दुपारी भजनाला निघाले तर माझा पदर सोडत नव्हतं.”

“दुपारी तुम्ही भजनाला. सून?”

“सून दुकानात कामाला. मध्ये पाजायला येऊन जाते.”

“मग बाळ कोणाजवळ होतं?”

“कोणाजवळ म्हणजे, रात्रपाळी करून आलेला माझा...”

आजी थांबली. तिची मान दाराकडे वळली. दाराबाहेर बाकावर तिचा मुलगा आपल्या साक्षीची वाट बघत बसला होता. नथ हलायची थांबली. माझ्या शेजारी बसलेल्या बाईने पदराने तोंड झाकलं.

न्यायाधीशांनी पेन खाली ठेवलं. मग म्हणाले, “मॅडम, ही साक्षीदार तुमची आहे, लक्षात आहे ना?”

“हो साहेब.”

“तुम्ही तुमचीच केस पाडताय.”

“सरकारने मला विचारायला नेमलंय, साहेब. उत्तर सरकारला आवडलंच पाहिजे असं नेमणुकीत लिहिलेलं नाही.” आणि शिंदेकडे वळून, “आता तरी उठ रे बाबा. आयुष्यात परत असं ताट वाढून मिळणार नाही तुले.”

त्यानंतर जे व्हायचं ते झालं. बाईंनी पुन्हा तपास करावा म्हणून अर्ज दिला. पोलीस म्हणाले, मॅडम, केस तर पक्की होती. वरचे साहेब म्हणाले, शिक्षेचं प्रमाण तुम्हीच खाली आणता. वकिलांच्या बाररूममध्ये त्यांना ‘आरोपीच्या सरकारी वकील’ म्हणायला लागले. बाई तिथेच बसून चहा प्यायच्या. मी मात्र त्याच रात्री नवं पत्रक लिहून दुसऱ्या दिवशी त्यांच्यापुढे टाकलं. ‘नराधम बापाला फाशी द्या!’

“साचा तोच आहे,” बाई म्हणाल्या. “फक्त मूर्ती बदलली.”

“पण या वेळी बरोबर आहे!”

“मागच्या वेळीही बरोबरच होतं ना?”

मी बाहेर जाऊन लिंबाला लाथ मारली.

गुंड्याची आई एका दुपारी एकटीच बाईंच्या खोलीत आली. तोपर्यंत मी तिला कधी बोलताना ऐकलं नव्हतं. सासूच्या मागे उभी राहायची. उभ्याउभ्याच म्हणाली, “ताई, मी पाजायला आले होते तेव्हा दारातून...”

“थांब!” बाई ताडकन उठल्या. “माले नको सांगू. मला सांगितलंस तर उद्या म्हणतील, वकीलबाईने शिकवलं. मॅजिस्ट्रेटसमोर जबाब दे. सगळा दे. हिराबाई आत होती तेव्हा तू गप्प राहिलीस, तेही त्यात येणार. तुला लाज वाटणार. वाटू दे.”

ती हसल्यासारखं काहीतरी करून म्हणाली, “आणि जबाब दिल्यावर मी जाऊ कुठे? ते सांगता का?”

 बाईंनी चष्मा काढला, परत घातला.

“ते मला माहीत नाही गं. गुंड्याने कुठे राहायचं, एवढं तरी तू ठरवू शकतेस.”

तिने जबाब दिला. हिराबाई सुटली. सुटल्यावर ती थेट आहेरबाईंसमोर येऊन उभी राहिली. मला वाटलं, आता पाया पडणार. मी मोबाइल काढला होता, फोटोसाठी.

“तुमीच आत घातलं अन् तुमीच काढलं,” हिराबाई म्हणाली. “माझ्या जामिनाला कोण नाय म्हनलं होतं? तुमीच ना? आता काय ओवाळू तुमाला? लय न्याय केला! एक घर नाय उरलं मला. कोनी लेकरू हातात देत नाय.”

“बरोबर बोललीस,” आहेरबाई म्हणाल्या.

“बरोबर तर हायच!”

“आता माझ्या शेजारणीची सून बाळंत झालीये. येशील?”

“तुमच्या शेजारी? नाय येनार,” म्हणून हिराबाई तरातरा निघून गेली. पुढच्या आठवड्यात ती इंदिरानगरला त्या घरी जायला लागली होती. आहेरबाईंशी मात्र बोलायची नाही. जिन्यात भेटल्या तर तोंड फिरवायची. बाई हे मला मोठ्या कौतुकाने सांगायच्या.

बापावर खटला उभा राहिला. तो जामिनावर बाहेर. गुंड्याची आई बाळाला घेऊन माहेरी गेली. आणि सुरू झालं ते सगळीकडे होतं तेच : सासरचे लोक, जातीतले दोन मोठे, शेवटी तिचे सख्खे मामा. नवऱ्याला तुरुंगात घालून तुझं काय होणार? एकदा रागात हलवलं, मुद्दाम थोडंच? पोरगं जगलंय ना? साक्ष फिरव. अशा खटल्यात बाळाला बोलता येत नाही आणि बघणारं माणूस घरचंच असतं. ते फिरलं की डॉक्टरांच्या अहवालात नुसतं ‘कोणीतरी’ उरतं. त्या ‘कोणीतरी’कडे मग बाळ परत जातं. यावर मी पत्रक लिहिलं होतं. लाल रेघ एकही आली नाही, कारण तोवर आहेरबाई खुर्चीवर नव्हत्या. त्यांच्या नेमणुकीची मुदत संपली आणि ती कोणी वाढवली नाही. कारण विचारायला मी चार कचेऱ्या हिंडले. प्रत्येकाने पुढच्या कचेरीचं नाव सांगितलं.

आईच्या साक्षीचा दिवस उजाडला. नवे सरकारी वकील आत कागद लावत होते. व्हरांड्यात एका बाजूला सासरची सगळी मंडळी, मध्ये तो बाप, इस्त्रीचा शर्ट घालून. दुसऱ्या टोकाला आहेरबाई. काळा कोट नाही, साधी सुती साडी, खांद्याला पिशवी. मी धावत गेले. “तुम्ही बोला तिच्याशी! एक शब्द तरी!”

“मी कोण बोलणार? मी बघायला आलेय.”

गुंड्याची आई आली तेव्हा गुंड्या तिच्या कडेवर होता. चांगला दोनअडीच वर्षांचा झालेला. डावा डोळा जरा तिरपा, चालायला उशिरा लागला, पण आवाज खणखणीत. आल्या आल्या त्याने व्हरांड्यातल्या कुत्र्याला दम दिला. शिपायाने आईचं नाव पुकारलं. ती दाराशी थांबली. मूल घेऊन पिंजऱ्यात जाता येत नव्हतं. माहेरचं एकही माणूस बरोबर आलं नव्हतं. आजी पुढे झाली. “दे माझ्याकडे,” म्हणून दोन्ही हात पसरले. आजीच्या डोळ्यांत खरंच पाणी होतं. तिच्यामागे तिचा मुलगा उभा होता.

आई आजीकडे बघत राहिली. शिपायाने दुसऱ्यांदा पुकारलं. मग ती सगळा व्हरांडा ओलांडून गेली, गुंड्याला आहेरबाईंच्या हातात दिलं, आणि न बोलता आत गेली.

मी आत जाऊन दारालगतच्या बाकावर बसले. तिथून थोडं बाहेरचं दिसत होतं. नव्या वकिलांनी विचारलं, त्या दुपारी तुम्ही घरी आलात तेव्हा काय पाहिलं? ती कठड्याला धरून उभी होती. बापाचा वकील खुर्चीत पुढे सरकला. पंखा फिरत होता. बाहेर आहेरबाई गुंड्याला कडेवर घेऊन पायऱ्यांपाशी येरझाऱ्या घालत होत्या, बोटाने खालच्या गाड्या दाखवत होत्या. त्याने त्यांचा चष्मा ओढून घेतला होता, आणि त्या आंधळ्यासारखं डोळे बारीक करून त्याच्याशी वाद घालत होत्या. दाराकडे त्यांची पाठ होती.

“मी दारात होते,” ती म्हणाली. “यांनी त्याला असं काखेखाली दोन्ही हातांनी धरलं होतं आणि हलवत होते. गप बस म्हणत होते. मी पाहिलं.”

न्यायाधीश सांगत गेले, लघुलेखक टाइप करत गेला. उलटतपासणीत तिला सगळं विचारलं : इतके दिवस गप्प का, हिराबाईला का अडकवलं, दुसरं लग्न करायचंय का. ती रडली, पण हलली नाही. शेवटी “साक्ष संपली” ऐकलं आणि मी धावतच बाहेर आले. मला पहिलं बाईंना सांगायचं होतं.

आहेरबाई पायरीवर बसल्या होत्या. मला तोंड उघडताना पाहून त्यांनी ओठांवर बोट ठेवलं आणि हाताने मला लांबच थोपवलं. काय झालं, हे त्यांनी विचारलंच नाही. गुंड्या त्यांच्या खांद्यावर मान टाकून झोपला होता, आणि त्यांचा तळवा त्याच्या मानेखाली होता.